जनूच्या डोक्याचा मार

निडी गावच्या जनू ठाकूरचं नाव पंचक्रोशीत घेतलं जायचं ते कबड्डीतल्या चढाईसाठी. समोर सात गडी उभे असले तरी हा डोकं खाली घालून शिरायचाच. कितीदा तरी डोक्यावर आपटला. तोंडावर पाणी मारलं की उठायचा आणि पुन्हा खेळायचा. पुढे धाटावच्या रसायनांच्या कंपनीत लागला. एकदा पहिल्या शिफ्टला जाताना मोटारसायकलवरून पडला, तेव्हा दोन दिवस शुद्धीवर नव्हता. महिन्याभरात कामावर गेला. बायकोला, सगुणाला वाटलं, सुटलो.

पंचावन्नाव्या वर्षी तो घरची वाट चुकू लागला. मग कामावर एक व्हॉल्व्ह उलटा फिरवला आणि कंपनीने घरी बसवलं.

पेणच्या डॉक्टरांनी जुने मार एकेक विचारून लिहून घेतले. म्हणाले, "डोक्याला मार लागला की प्रत्येकालाच स्मृतिभ्रंश होतो असं नाही. पण पुन्हा पुन्हा लागला तर धोका वाढतो. यांचं त्यामुळेच झालं, हे मात्र मी ठामपणे नाही सांगू शकत."

ते अर्धवट उत्तर सगुणाला खात राहिलं. जनू पडला की पाण्याचा तांब्या घेऊन मैदानात धावणाऱ्यांत तीही असायची.

त्यांची धाकटी भूमिका रोह्याच्या कॉलेजातून कबड्डी खेळे. नागोठण्याच्या स्पर्धेला सगुणा जनूलाही घेऊन आली होती. तिथे पकड करताना भूमिकाचा तोल गेला आणि तिचं डोकं दुसरीच्या गुडघ्यावर आदळलं. ती उठली, पण पाय लटपटत होते.

"काय नाय झालं, खेळ गो," प्रशिक्षक म्हणाले.

सगुणा जनूचा हात सोडून तडक मैदानात शिरली. "माझी पोर खेळणार नाय."

"आई, दोनच मिनटं उरलीत!"

"उरू देत."

तेवढ्यात मागून जनू ओरडला, "पाणी मारा तिला! उठून खेळंल!" कितीतरी महिन्यांनी त्याचा आवाज असा खणखणीत निघाला होता. पोरगी आपली आहे, हे त्याला उमगलंच नव्हतं.

लोक हसले. सगुणाने भूमिकेला दंडाला धरून बाहेर आणलं. संघ दोन गुणांनी हरला.

महिनाभर भूमिका आईशी धड बोलली नाही. एका संध्याकाळी ती बापाला भात भरवायला बसली.

"तू कोनाची गो?" जनूने विचारलं.

"तुमचीच, बाबा."

"माझी पोर लहान हाय अजून," म्हणत त्याने तोंड फिरवलं.

भूमिका ताट घेऊन आत आली. "आई, तूच भरव त्यांना. त्या दिवशी मला बाहेर काढलंस, बरं केलंस," एवढंच बोलली आणि मोरीत भांडी घासायला बसली.