मायचं रडणं

"तुझा बाप गेला तेव्हा तुझी माय कशी रडली, तसं करून दाखव."

नववीच्या वर्गात इंग्रजीच्या सरांनी मला असं सांगितलं. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असंल. बाप जाऊन चारच महिने झाल्ते. विहिरीच्या कामावर गेल्ता, वरून दरड आली, खालीच राहिला. सरांना हे माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं.

फळ्यावर शब्द होते. वीप, सॉब, मोर्न, ग्रीव्ह, लमेंट. एका रडण्याला इंग्रजीत एवढे शब्द. सर ट्रेनिंगमधून एक पद्धत शिकून आल्ते. भावनेचं क्रियापद आलं, की एकानं पुढं येऊन ते करून दाखवायचं, म्हणजे पोरांच्या डोक्यात पक्कं बसतं. पद्धत वाईट होती असं मी म्हणत न्हाई. पण वाटप बघा. रिजॉइस, अ‍ॅडमायर, चेरिश हे आनंदाचे, कौतुकाचे शब्द पाटलाच्या सुरेखाला आणि तिच्या आजूबाजूच्या बाकांना. भिणं, थरथरणं, गयावया करणं, रडणं हे आमच्या बौद्धवाड्यातल्या तिघांना. जसं काही आमच्या घरात कुणी कधी खुश झालंच नव्हतं.

मला सगळे शब्द येत होते. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं लिहून काढायची, शेण गोळा करता करता घोकायची. एकेका शब्दाचे चार-चार जोडीदार पाठ होते. सरांनी मला एकदा तरी शब्द विचारावा, बस, एवढंच पाह्यजे होतं. हात वर धरून धरून खांदा दुखायचा. सर सुरेखाला विचारायचे.

आणि पुढं बोलावलं ते असं.

मी केलं. खोटं कशाला बोलू, केलं. फरशीवर बसले, ओढणी डोक्यावर घेतली, छाती बडवली. मायचेच शब्द घेतले. "मला कुणाच्या हवाली करून गेलात वो धनी." वर्ग हसला. बाकं बडवून हसला. सर म्हणले, "व्हेरी गुड."

त्या वर्गातलं माझं पहिलं व्हेरी गुड. मला बरं वाटलं. पोरं हसली त्याची लाज नंतर आली, आधी बरं वाटलं.

मंग ते नेहमीचंच झालं. लमेंट आलं की मी उठायची. शाळेची तपासणी जवळ आल्ती, साहेबांसमोर हेच दाखवायचं म्हणून सरांनी चार-पाच वेळा तालीम घेतली. कुठं जोरात, कुठं हळू, तेबी सांगायचे. पोरं शब्दन् शब्द माझ्यासोबत म्हणायला लागली.

माय पाटलाच्या शेतात खुरपायला जायची. बांधावर पाटलीणबाईनं तिला सांगितलं, की तुझी पोर तुझं लई हुबेहूब करती म्हणं, आमची सुरेखा घरी येऊन सांगती. बाकीच्या बाया खाली मान घालून खुरपत राह्यल्या. माय घरी आली. खुरपं ठेवलं, हातपाय धुतले, चुलीपुढं बसली.

"माझं रडणं केलंस का तू शाळेत?"

मी मान हलवली.

"हसले का?"

मी न्हाई म्हणले. तिला कळलं. तिनं पीठ मळायला घेतलं. तिनं मला मारलं असतं तर लई बरं झालं असतं. दोन्ही भाकरी तिनं मलाच वाढल्या आणि स्वतः पाणी पिऊन उठली.

तपासणीच्या दिवशी साहेब खुर्चीवर बसले. सरांनी फळ्यावर लमेंट लिहिलं आणि माझ्याकडं बोट केलं. मी पुढं गेले, पण बसले न्हाई. उभी राह्यले.

"मी करणार न्हाई, सर. शब्द विचारा. मला सगळे येतात."

सर साहेबांकडं बघून हसले, लाजती म्हणले. आणि सुरेखाला बोलावलं.

सुरेखानं केलं. माझ्या मायचं. तशीच ओढणी डोक्यावर घेतली, तशीच छाती बडवली, "कुणाच्या हवाली" म्हणताना तसाच आवाज चिरला. माझं बघून बघून तिला पाठ झाल्तं. साहेब हसले, वहीत चांगला शेरा लिहिला. मी तिथंच उभी होते. मला कुणी एकबी शब्द विचारला न्हाई. त्या दिवशी मला उमगलं, की मी नकार दिला तो माझ्यापुरता. मायचं रडणं मी देऊन बसले, ते परत येणार न्हाई.

पुढल्या वर्षी आजी वारली. मायची माय. घर बायांनी भरलं, सगळ्या मोठ्यानं रडत होत्या. मायनं तोंड उघडलं, तेवढ्यात तिची नजर माझ्यावर गेली. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. त्यानंतर ती माझ्यासमोर कधी आवाज काढून रडली न्हाई. मी काय घेतलं तिचं, ते मला तिथं दिसलं.

मी इंग्रजीच शिकले. हट्टानं शिकले. आता जालन्याला शाळेत इंग्रजी शिकवते.

परवा गावाकडून मुख्याध्यापकांचा फोन आला. सर रिटायर होऊन राह्यले, त्यांचीच विद्यार्थिनी इंग्रजीची मॅडम झाली, या आणि दोन शब्द चांगले बोला. मी म्हणले, येते, पण झालं तेच बोलीन. आणि झालं ते सगळं सांगितलं. मंग ते म्हणले, "जुनं झालं मॅडम आता. तुम्ही राहूच द्या."

मायला सांगितलं. ती म्हणली, जाऊ दे, उगं कशाला. तिनं सोडलं असंल, तो तिचा अधिकार आहे. मी सोडलेलं न्हाई.

शनिवारी कार्यक्रम आहे. बोलावणं न्हाई तरी जाणार. हार-तुरे होऊ देणार, भाषणं होऊ देणार. मंग उठून सरांच्या समोर उभी राहणार आणि सगळ्या गावादेखत सांगणार, की सर, तुम्ही एका लेकराकडून तिच्या मायचं रडणं करून घेतलं, त्याला शिकवणं म्हणलं, आणि माझ्या मायला रडायलाबी जागा ठेवली न्हाई. माफी मागायला आले तर देणार न्हाई. माइक देणार न्हाईत, मला माहीत आहे. माझा आवाज रोज साठ पोरांच्या वर्गात मागच्या बाकापर्यंत जातो.