अजगराच्या टाळूचं हाड

कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात काका गेली तीस वर्षं कवट्या साफ करत होते. मेलेला प्राणी आला की डोकं उकळायचं, ब्रशने मांस सोडवायचं, हाडं काळ्या कापडावर मांडून पुन्हा जुळवायची. काम चोख, पण स्वभाव कमालीचा संशयी. बायकोनं भरलेला डबासुद्धा निघण्याआधी दोनदा उघडून बघणार!

त्या सकाळी कापडावर अजगराची कवटी सुटी मांडलेली होती. अजगराला वरच्या बाजूला दातांच्या चार रांगा असतात, दोन जबड्याच्या कडेला आणि दोन टाळूवर. टाळूवरच्या प्रत्येक रांगेत दोन हाडं, पुढचं आखूड, मागचं लांब. काकांनी बोटांनी चाचपून मोजलं. डावीकडची दोन, उजवीकडचं एकच. पुढचं गायब!

काकांच्या मनात पाल चुकचुकली. खोलीची दुसरी किल्ली फक्त झाडूवाल्या मावशींकडे. काल टेबल कोणी पुसलं? मावशींनी. घाण पाणी कोणी ओतलं? मावशींनीच. आणि आज सकाळी त्या एवढं गोड का बोलत होत्या? डावं-उजवं शेजारी धरून लांबी बघायची असते, तीही या भरात राहून गेली. काका तडक विभागप्रमुख बाईंकडे गेले.

"हाड चोरीला गेलंय. आता एक तर ती झाडूवाली राहील, नाही तर मी."

बाई टेबलापाशी आल्या. मावशींनाही बोलावणं गेलं होतं, त्या दारातच थांबल्या. बाईंनी उजवीकडचं हाड उचलून खिडकीकडे धरलं.

"काका, ही दोन हाडं आहेत. मधला चिवट पडदा निघालेला नाही, तसाच वाळलाय. सांधा दिसतोय की!"

काकांना सांधा दिसेना. 'आत्ता कुणीतरी चिकटवलं असेल,' हे वाक्य त्यांच्या अगदी ओठांवर आलं. तीस वर्षं काम केलेल्या माणसाचा शब्द बाईंनी मानलाही असता. पण मावशींनी कमरेची किल्ली सोडून परत द्यायला हातात घेतली होती. काकांना स्वतःचीच लाज वाटली.

"मला बारीक काही दिसत नाही, बाई," ते म्हणाले. "सहा महिने झाले. सगळं बोटांवर चाललंय. घरी बसवाल म्हणून बोललो नाही."

मावशी आत आल्या.

"मला ठाऊक होतं, काका. म्हणून तर पुसताना एकेक हाड उचलून पुन्हा जागच्या जागी ठेवत होते. तुमचा हात चुकायला नको."