कर्ण्यातला खटका

कृष्णात पलटणीत बिनतारी यंत्रं दुरुस्त करायचा. आफ्रिकेत पायाला गोळी लागली आणि १९४३ साली तो तासगावला परतला. बॅटरीवर चालणारा अँप्लिफायर आणि कर्णा घेऊन सभा-लग्नांना आवाज पुरवू लागला.

भूमिगतांच्या धास्तीनं तेव्हा पोलिसांना खोकल्यातही खूण दिसायची. सैन्यभरतीच्या सभेत कृष्णातनं रेकॉर्डवरून माइकवर खटका फिरवला, की कर्ण्यातून ‘खाड्’ व्हायचं. तीनदा झालं, आणि तिन्ही वेळा मागची दोन-दोन माणसं उठून गेली. फौजदार गंगाधरपंतांनी यंत्रासकट कृष्णातला चौकीत नेलं.

“कुणाला इशारा देत होतास?”

“इशारा न्हाई, सायेब. मशीनचा दोष हाय. तुमच्या म्होरं उघडून दावतो.”

पुरावा मोडेल म्हणून दोन दिवस यंत्राला हात लावू दिला नाही. बायको शालूबाई भाकरी घेऊन आली, तर हवालदार केरबानं भाकरीसुद्धा मोडून तपासली.

तिसऱ्या दिवशी यंत्र टेबलावर उघडलं. कृष्णातनं खटका फौजदारांनाच फिरवायला लावला. ‘खाड्!’ ते दोन पावलं मागं सरले.

“आतल्या कंडेन्सरमधनं थोडी वीज गळतीया,” कृष्णात म्हणाला. “खटका फिरताना तार क्षणभर मोकळी ऱ्हाती. तिच्यावर वीज साचती, आन् पुन्हा जोडली की एकदम सुटती. तवा आवाज येतुया.”

लढाईमुळं नवा कंडेन्सर मिळत नव्हता. जुन्या रेडिओतले बारके रेझिस्टर काढून त्यांच्यातून त्यानं खटक्याची प्रत्येक तार यंत्राच्या पत्र्याला जोडली, म्हणजे वीज साचायच्या आत हळूहळू उतरून जाईल. फौजदारांनी वीसदा खटका फिरवला. कर्णा गप्प.

“मग सभेआधीच हे का नाही केलंस?”

“आळस केला, सायेब.”

खरं तेवढंच होतं, आणि नेमकं तेच त्यांना पटलं नाही. त्याला सोडलं, पण केरबाला त्याच्या दुकानासमोर पाळतीवर बसवलं. पोलीस रोज दारात बसतो म्हटल्यावर गावानं वेगळाच अर्थ काढला. कृष्णात खबऱ्या झालाय. लग्नाची बोलावणी थांबली, पाणवठ्यावर बायका शालूबाईला बघून गप्प होऊ लागल्या.

“आवं, इथं आता दोनी बाजूंनी मरण हाय,” ती एके सकाळी म्हणाली.

त्याच आठवड्यात दोघं जतला गेली. तिथल्या बाजारात त्याचा कर्णा पुढं वर्षानुवर्षं वाजला. मात्र नवं गिऱ्हाईक दारात आलं, की काम विचारण्याआधी कृष्णात त्याचं गाव विचारायचा.