साइटस्क्रीनमागच्या टाळ्या

जवसाच्या तेलाचा वास आला की मैदानाच्या टोकाला, फलंदाजाला चेंडू नीट दिसावा म्हणून उभा केलेला तो मोठा पांढरा पडदा, साइटस्क्रीन आठवतो. आमच्या क्लबच्या एकोणीस वर्षांखालच्या मुलांतला कोण राज्याच्या संघात जाणार हे ओळखायला मी मोसमभर त्यांचे सामने बघायचो. असं भाकीत करणारे निवृत्त लोक तिथे खेळाडूंपेक्षा जास्त असायचे. त्या वर्षी सगळ्यांची भिस्त एका सलामीवीरावर होती. आपण पाहिलं की तो आउट होतो, असं त्याच्या वडिलांनी मनाशी धरलेलं, म्हणून ते साइटस्क्रीनमागे त्याच्या दुसऱ्या बॅटला तेल चोळत बसायचे. त्या दिवशी पन्नास धावांच्या तोंडावर तो धाव घेताना पडला. गुडघा भलतीकडेच वळला होता. चौघांनी त्याला उचलून बाहेर आणलं, तेव्हा रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सांगायला मागे धावलो, तर वडील हात पुसत उभे. "झाले ना पन्नास?" मी म्हणालो, "अहो, जरा चला, बघा." "मी बघत नसतो, तुम्हाला माहीत आहे," ते हसून म्हणाले, "तुम्हीच सांगा." मुलगा पुन्हा खेळला नाही. मी अजूनही मैदानावर जातो, पण कुणाला उचलून आणताना टाळ्या सुरू झाल्या की माझे हात उठत नाहीत.