चौथ्या माणसाची वेळ

चार माणसं चार गावांत, आपापल्या घरात, पंख्यासमोर घाम गाळत बसली आणि चौघांच्या कानात एकच कॉल चालू असला, की किस्से आपोआप साचतात. ते गोळा करावे लागत नाहीत. उन्हाळ्यात टेरेसवर सांडग्यांना ऊन लागतं तसं आमच्या गप्पांना ते लागत जातं!

आम्ही सायकलच्या रेस खेळतो, पण घरात. मागचं चाक काढून सायकल एका यंत्रावर बसवायची. त्याला ट्रेनर म्हणतात. समोर स्क्रीनवर आपला माणूस पळतो. चढ आला की पेडल जड होतं. बाहेर का जात नाही, असं पुण्याचे नातेवाईक विचारतात. चंद्रपूरचं मे महिन्यातलं ऊन आणि पहाटे रस्त्यावर बसलेला वाघ, यातलं एक काहीतरी त्यांनी निवडावं!

टीम चौघांची. कॅप्टन रामटेकेभाऊ, भद्रावतीचे इंजिनियर. गडचिरोलीची अनसूया आत्राम, वनरक्षक. सिरोंच्याचा श्रीनू, कापडाचं दुकान. आणि चौथा विलास, माझा नवरा.

विलास गेल्यावर सायकल बरेच महिने तशीच उभी होती. मी तिच्यावर टॉवेल वाळत घालायचे. एक दिवस रामटेकेभाऊ पाना घेऊन आले, टॉवेल बाजूला ठेवला, सीट खाली केली आणि म्हणाले, "बसून पाहा मॅडम. टीमले चार जण लागतात." जुन्या उंचीची खूण दांड्यावर अजून आहे.

नियम असा की टीमची वेळ चौथ्या माणसावर मोजतात. तिघं कितीही आधी पोचोत, चौथा ठरलेल्या वेळेत आला नाही तर टीम बाद. आणि चौथी मी, कॉलेजात भूगोल शिकवणारी, पन्नाशीची बाई. मी आल्यापासून आमचा निकाल एकदाही लागला नव्हता!

* * *

या खेळात आडोशाला फार महत्त्व. पुढच्याच्या पाठीमागे लपून राहिलं की हवा त्याला लागते, आपले कष्ट वाचतात. पहिल्या रेसमध्ये माझी तिघांशी चुकामूक झाली, तेव्हा रामटेकेभाऊ कानात ओरडले, "मॅडम, कोणाच्याही मागं लपा! सोडू नका त्याले!"

मला एक पिवळ्या शर्टवाला दिसला. ओळख ना पाळख, पण धरला. सुरुवातीला संकोच वाटला, मग सवय झाली. तो हळू झाला, मी हळू झाले. तो अगदीच रमतगमत जाऊ लागला. मला वाटलं, वा, काय डावपेच आहे! दम राखून ठेवतोय!

बऱ्याच वेळानं रामटेकेभाऊंचा थकलेला आवाज आला. "मॅडम, तुमचा माणूस रेसमध्ये नाईच. तो फिरायले आला हाय!"

* * *

या खेळात स्वतःचं वजन स्वतःच भरायचं असतं. हलका माणूस चढावर भराभर जातो. रामटेकेभाऊंनी जे वजन भरलं होतं ते त्यांच्या लग्नातलं होतं. आम्ही कधी विचारलं नाही. कॅप्टनला कोण विचारणार?

एका रेसला पहिल्याच चढावर ते मागे पडू लागले. "आज काहून जड लागून राह्यलं? ट्रेनर बिघडला का?"

मागून वहिनींचा आवाज आला. "ट्रेनरले काही नाई झालं. सकाळी काट्यावर उभे होते ना, तो आकडा मी त्याच्यात टाकला!"

मग श्रीनू म्हणाला, "अन्ना, फिकर नको. आता तुमच्या मागं आडोसा मोठा भेटते!"

* * *

वीज आमच्या जिल्ह्यात तयार होते आणि रेसच्या वेळी बाहेरगावी जाते. सिरोंच्यात त्याच्याही पुढची गोष्ट. तिथं वीज असते, नेट जातं. नेट गेलं की स्क्रीनवरचे बाकीचे सगळे गायब होतात, आपला माणूस तेवढा रिकाम्या रस्त्यावर पळत राहतो. हे श्रीनूला माहीत नव्हतं.

एका रेसच्या मध्यावर तो कॉलवरूनही गेला. आम्ही तिघं संपवून बसलो, तेव्हा त्याचा फोन आला. पाठीमागे पोरांचा गलका. "अक्का, मी पहिला आलो! पेढे वाटून राह्यलो!"

मी रामटेकेभाऊंना त्या फोनवर जोडून घेतलं, तसं त्यांनी विचारलं, "श्रीनू, तुह्या मागं कोणी दिसत होतं का?"

"नाई."

"अन् समोर?"

"नाई."

"मंग तुले डाऊट नाई आला?"

"अन्ना, जो पहिला असते, त्याच्या समोर कोन राहीन?"

पेढे परत घेता येत नाहीत. सिरोंच्याच्या त्या गल्लीत तो आजही पहिला आहे!

* * *

अनसूया आमच्यात सगळ्यात दमदार. जंगलात पायी गस्त घालून आलेल्या बाईला पेडल काय अवघड! पण तिची एक सवय काही जाईना. मी मागे पडले की ती थांबायची, मला पुढे जाऊ द्यायची आणि माझ्या पाठीमागे यायची.

रामटेकेभाऊ डोकं धरायचे. "अनसूया, मॅडमच्या समोर ये! आडोसा समोरच्याचा भेटते, मागच्याचा नाई!"

"समजते भाऊ. पण शेवटच्या माणसाले एकटं सोडत नसते."

"अगं, हवा समोरून येते!"

"हवा समोरून येते भाऊ," अनसूया शांतपणे म्हणाली, "वाघ मागून येते!"

त्या रेसमध्येही आमचा निकाल लागला नाही. पण आम्हाला वाघानं खाल्लं नाही, हेही खरं!

* * *

सीझनची शेवटची रेस एका रविवारी संध्याकाळी होती. त्याच्या आधी मी ग्रुपवर लिहिलं की आता पुरे झालं. माझ्यामुळे तिघं बाद होतात, ते बरं दिसत नाही. मुलगाही म्हणतो, सायकल काढून टाक. राजुऱ्याचे एक जिमवाले भाऊ घ्यायला तयार आहेत. या रविवारीही मी वेळेत आले नाही, तर सोमवारी ते टेम्पो घेऊन येतील. मी त्यांचा नंबरही टाकला आणि विचारलं, माणूस भरवशाचा आहे का, कोणी ओळखतं का.

कोणीच उत्तर दिलं नाही. अनसूयानं नुसता नमस्काराचा हात टाकला.

रविवारी मी नेहमीसारखी चढावर मागे पडले. अनसूया थांबायला लागली, तशी मीच ओरडले, "थांबू नकोस! तू पुढं जा!" पहिल्यांदाच तिनं ऐकलं. मी एकटी उरले. स्क्रीनच्या कोपऱ्यात उरलेली वेळ पळत होती. हात टॉवेलकडे गेला.

तेवढ्यात बाजूला एक माणूस दिसला. नावापुढे नॉर्वेचा झेंडा. त्याची टीमही पुढे गेली होती. मी त्याच्या मागे लपले. थोड्या वेळानं तो दमला, तर मी पुढे झाले आणि तो मागे लपला. असं आळीपाळीनं चाललं.

"मॅडम, तो दुसऱ्या टीमचा हाय! त्याले आडोसा नका देऊ!" रामटेकेभाऊ ओरडत होते.

"भाऊ, तोही चौथाच आहे."

"कुठला हाय अक्का?" श्रीनूनं विचारलं.

"नॉर्वेचा."

"इतक्या दुरून येऊन चौथाच?"

मला हसू आलं आणि हसता हसता चढ संपला. शेवटच्या वळणावर रामटेकेभाऊ म्हणाले, आता मागून निघा, त्याला टाका. मी जोर लावला. त्यानंही लावला. तो चाकभर पुढे गेला आणि स्क्रीनवर मला शाबासकीचा अंगठा दाखवला. मी रेषा ओलांडली तेव्हा वेळ शिल्लक होती. जेमतेम, पण होती.

निकालात आमचं नाव सगळ्यात खाली. चार नावं, एकाखाली एक. मग श्रीनूच्या घरून ढोल ऐकू आला. खरं म्हणजे तो डबा होता, पण वाजवणारा मनापासून वाजवत होता!

घाम पुसून मी राजुऱ्याला फोन लावला. म्हटलं, "भाऊ, माफ करा, उद्या टेम्पो आणू नका. सायकल आता द्यायची नाही."

"टेम्पो तं मी शुक्रवारीच कॅन्सल केला मॅडम," ते म्हणाले.

"शुक्रवारी? रेस तर आज झाली!"

"रेसचं मले काई माहीत नाई. पन शुक्रवारी मले तीन फोन आले. भद्रावतीचे एक साहेब म्हणे, मशीन जळली. सिरोंच्याचा एक जण म्हणे, मीच इकत घेतली. अन् गडचिरोलीहून एक बाई बोलली, तिनं सांगितलं का सायकल वनविभागानं जप्त केली हाय!"