गाडीची दुसरी चावी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्याच्यासोबत रोज चहा घेतो त्या शेजारच्या बॅटरीवाल्याला नाही. देवापुढेही नाही — देवळात गेलो की मुलाबाळांसाठी घाईघाईनं मागून घेतो आणि चप्पल घालून निघतो. जास्त वेळ उभं राहिलं तर तोच काही विचारेल, असं वाटतं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला बसलो आहे. ओळखत असता तर जमलं नसतं.

मी चाव्या बनवतो. पवनीला, मोठ्या रस्त्यावर माझं दुकान आहे. घर आमचं मूळचं विणकराचं. बापाचा जन्म हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून गेला. मला ते बसणं जमलं नाही. आधी कुलुपांच्या चाव्या केल्या, मग मोटारसायकलींच्या, आणि आता गाड्यांच्या. पूर्वी दाते कापले की चावी झाली. आता चावीच्या पोटात तांदळाच्या कणीएवढी चिप असते, आणि गाडीचा कॉम्प्युटर त्या चिपेला ओळखतो. ओळख पटली तर गाडी सुरू, नाही तर धक्का मारत बसा. नव्या गाड्यांत तर चावी खुपसावीही लागत नाही. ती खिशात असली की पुरे, बटण दाबायचं. गाडीला नव्या चावीची ओळख करून देणं आणि जुनीची ओळख पुसून टाकणं — हे माझं काम. ज्यासाठी लोक नागपूर गाठायचे, ते मी इथं करून देतो. त्याची मला ऐट होती. थोडी म्हणणार होतो, पण कशाला? चांगली भरपूर होती.

पुसणं — सगळं तिथंच आहे. पण ते जरा समजावून सांगावं लागेल.

एखादी चावी नको त्या माणसाकडे राहिली, तर तेवढी एकच निवडून पुसता येईल असं प्रत्येक गाडीत नसतं. बहुतेक गाड्यांत सगळ्याच पुसाव्या लागतात, आणि जी समोर आहे ती गाडीला पुन्हा शिकवावी लागते. या दोन्हींच्या मधे काही क्षण असे जातात, की गाडी कुणालाच ओळखत नसते. त्या वेळी मशीननं दगा दिला, तर गाडी जागेवर मेली. माझ्या हातून अशी एक मेली होती. एका ठेकेदाराची, भर चौकात. टोचन लावून नागपूरला न्यावी लागली. बघे जमले. विणकराच्या पोरानं धोटा सोडून कॉम्प्युटर धरला, होणार काय दुसरं, असं कुणीतरी म्हणालं आणि लोक खो-खो हसले. मला ते हसणं आजही जसंच्या तसं ऐकू येतं.

तेव्हापासून मी पुसणं सोडलं. नवी चावी जोडून द्यायचो. जोडण्यात धोका नसतो. आणि जुनी बंद करा म्हणणाऱ्याला सांगायचो — केली बंद. कोण तपासणार होतं? हरवलेली चावी नाल्यात नाही तर उकिरड्यात पडलेली असते. मेलेली आणि जिवंत, दिसायला दोन्ही सारख्याच. किती जणांना असं सांगितलं, ते मी कधी मोजलं नाही. त्यांचं कुणाचं काही बिघडलंही नाही — एक सोडून.

तिचं नाव सुषमा. गोसीखुर्दच्या धरणात बुडालेलं जे गाव सरकारनं वर आणून वसवलं, तिथल्या शाळेत ती शिकवायची. नवरा किशोर, सानगडीचा धानाचा व्यापारी. त्याचं घर सोडून ती अड्याळला भावाकडे राहायला आली होती. का सोडलं, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिच्या मनगटावर एक जुना व्रण होता, तो मात्र मी पाहिला. गाडी तिच्या स्वतःच्या नावावर होती. बटण दाबून सुरू होणारी, पांढरी. सोबत मुलगी होती, गौरी — अजून शाळेत न जाणारी, आईच्या ओढणीचं टोक तोंडात धरून उभी. पोरीच्या कानावर पडू नये म्हणून सुषमाताई माझ्याकडे वाकून हळूच बोलली.

"भाऊ, याची दुसरी चाबी त्याच्यापाशी आहे. थे बंद करून द्या. तो म्हणते, पोरीले केव्हाही उचलून नेईन."

म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा. पुढं मी काहीही सांगितलं, तरी हे विसरू नका — चावी कुणाकडे आहे आणि ती कशासाठी बंद करायची आहे, हे मला तिनं स्पष्ट सांगितलं होतं.

मी गाडीत बसलो. मशीन जोडली. पडद्यावर आलं: दोन चाव्या. बोट बटणावर गेलं — आणि ठेकेदाराची गाडी आठवली. रस्त्यावर बाजूलाच चार रिकामटेकडे उभे होते. पुन्हा हसले तर? मी थोडा वेळ उगाच मशीनशी खुडबुड केली आणि वायर काढून घेतली.

"झालं जी ताई," मी म्हणालो. "थे चाबी मेली समजा. निस्तं प्लॅस्टिक राहिलं."

तिचे खांदे एकदम सैल पडले. आता नीट झोप लागेल, असं काहीतरी ती म्हणाली. पोरीला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि गेली. मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो. वाईट वाटलं का? नाही वाटलं. खोटं कशाला सांगू? मला त्या दिवशी भूकही नीट लागली होती.

मग उन्हाळा आला. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत असेल, तर सांगायला नको. आणि माहीत नसेल, तर सांगून कळणार नाही. बाजाराच्या दिवशी अड्याळला सुषमाताईनं गाडी औषधांच्या दुकानासमोर लावली. पोरगी मागच्या सीटवर झोपली होती. तिला उठवून कडेवर घेण्यापेक्षा पटकन गोळ्या घेऊन यावं, असा विचार तिनं केला. गाडी बंद केली, लॉक केली, चावी पर्समध्ये टाकली आणि समोरच्याच दुकानात गेली. परत आली, तर गाडी नव्हती.

दुपारी चहाच्या टपरीवर बातमी आली. अड्याळच्या बाजारातून गाडी गेली, आत लेकरू होतं. कुणाची गाडी, ते अजून कुणाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला आणि दुकानात येऊन नुसता बसून राहिलो. त्या उन्हात, बंद गाडीत, झोपलेलं लेकरू — किशोर तिला कुठं घेऊन गेला असेल? धरणाचं पाणी किती जवळ आहे, हेही माझ्या मनात येऊन गेलं. असली माणसं काय करतील, सांगता येत नाही.

संध्याकाळी कळलं, की पोरगी सुखरूप आहे, सानगडीला बापाच्या घरी. किशोरनं पोलिसांना काय सांगितलं माहीत आहे? धंद्याच्या कामानं बाजारात आलो होतो. पाहतो तर गाडी चालू, एसी चालू, माझं लेकरू आत एकटं आणि आईचा पत्ता नाही. बापानं काय करायचं होतं? पटण्यासारखं होतं. ऐकणाऱ्याला पटलं.

पोलिसांनी गाडी परत दिली, तशी सुषमाताई थेट माझ्याकडे आली. सोबत भाऊ होता. ती रडत नव्हती. मला वाटलं होतं रडेल.

"मी गाडी बंद केली होती, भाऊ. लॉक केली होती," ती म्हणाली. "मशीन लावून पाहा. थे चाबी जित्ती तं नाही नं?"

इथवर मी भित्रा होतो, एवढंच म्हणता आलं असतं. भित्र्या माणसाला लोक माफ करतात. पण इथून पुढं मी जे केलं, त्याला भित्रेपणा म्हणत नाहीत.

मशीन लावली. दोन चाव्या. पडद्यावर सरळ लिहिलेलं होतं आणि पडदा माझ्याकडे होता. तो नुसता तिच्याकडे वळवला असता, तर पुरे होतं. तोंड उघडायचीही गरज नव्हती. ती बाई तोच पडदा पोलिसांना दाखवणार होती — बघा, त्याच्याकडे चालती चावी आहे, त्यानं लॉक केलेली गाडी उघडून नेली. त्या एका ओळीवर तिची पोरगी अवलंबून होती. आणि त्याच ओळीवर माझं दुकान, माझं नाव. पोलिस येतील, लोक जमतील. पुन्हा हसतील? या वेळी हसणार नव्हते.

मी पुसलं. ज्या कामाला मी इतका भीत होतो, ते चहावर साय धरायच्या आत झालं. गाडीनं कुरकुरसुद्धा केली नाही. मग मी पडदा फिरवला.

"पाहा ताई. एकच आहे."

तेवढ्यावर थांबायचं होतं. कुणी पुढं काही विचारलं नव्हतं. तरी मी बोललो, आणि चांगला समजावून बोललो, आपल्याला किती कळतं ते दाखवत — "बटणाची गाडी आहे जी. चालू राहून गेली असन. चालू गाडी कोणीही नेते, चाबी तुमच्या पर्समंधी असली तरी. लॉक करताना वाजली असन, पण बाजारच्या कल्ल्यात तुमाले आयकू नाही आलं."

यातला एकेक शब्द खरा आहे, बरं का. अशा गाड्या असंच करतात.

ती आठवू लागली. मी तिच्या हाताकडे पाहत होतो — अंगठा हवेतच दाबत होती, एकदा, मग पुन्हा. भाऊ तिच्याकडे पाहायला लागला. आधी त्याच्या नजरेत राग किशोरवर होता, आता तो तिच्यावर आला. ती म्हणाली, "मले वाटते, बंद केली होती." आल्यावर म्हणाली होती, बंद केली होती. आता — मले वाटते. तेवढ्यात, माझ्या डोळ्यांसमोर, तिचा स्वतःवरचा विश्वास गेला. मी मशीन पेटीत ठेवली.

ती बाई सरळ. पोलिसांसमोर, कोर्टात, जिथं विचारलं तिथं तिनं सांगितलं, की कदाचित चालू राहून गेली असेल. एक शिपाई माझ्याकडेही येऊन गेला. जुनी चावी आधीच बंद केली होती, असं मी सांगितलं आणि सही केली. भर उन्हात लेकराला चालू गाडीत टाकून जाणारी आई — अड्याळात हेच बोललं गेलं, शाळेत हेच बोललं गेलं. मुलगी बापाकडे राहिली. आईनं रविवारी भेटून जायचं, असं ठरलं.

पुढं एकदा किशोर दुकानात आला. मी त्याला त्याआधी पाहिलंही नव्हतं. शांत माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट. काउंटरवर त्यानं ती चावी ठेवली.

"भाऊ, हे त्या दिवशी चालत होती," तो म्हणाला. "आता नाही चालत."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, हसला, चावी उचलून परत खिशात टाकली. मेलेली चावी खिशात घालून हा माणूस काय करणार, असं मला वाटलं होतं. हळूहळू कळलं, ती माझ्यासाठी होती. त्याच्या पिकअपचं, भावाच्या गाडीचं, मुनिमाच्या स्कूटरचं, सगळं काम तेव्हापासून माझ्याकडे येतं. भाव करत नाही. चार लोकांत माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणतो, हा आपला माणूस आहे. तो हात मी कधी झटकला नाही. खोटं त्याचंही आणि माझंही एकच, मग कुणी कुणाला काय म्हणायचं?

आता दिवाळीनंतर त्यानं नवी गाडी घेतली. जादा चावी करून घ्यायला आला, तर सोबत गौरी होती. उंच झाली आहे. पुढचे दात मोठे आलेत. किशोर फोन घेत बाहेर गेला आणि ती स्टुलावर बसून माझी मशीन बघत राहिली. कितवीत आहेस, मी विचारलं. तिनं सांगितलं. चावी हरवली तर काय करतात, तिनं विचारलं. नवी करून देतो, मी म्हणालो.

मग ती अगदी सहज बोलली, धडा पाठ म्हणावा तशी.

"माझी आई गाडी चालूच ठेवून गेली होती. मी मांगं झोपली होती. तिच्या ध्यानातच नाही राहिलं, मी आत आहो म्हणून."

बाप बाहेर, रस्त्याकडे तोंड करून उभा. दुकानात आम्ही दोघंच. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मोठं माणूस यावर काय म्हणतं, ते तिला ऐकायचं होतं. कुणीतरी नाही म्हणावं, असं तिला वाटत असेल का? मला कळलं नाही. कळून घेतलं नाही.

"होते बाई असं कधी कधी," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि पुन्हा मशीनकडे पाहू लागली.