मऊ जागा

मोतीबिंदू पिकत गेला तसा शिंपी डोळ्यांऐवजी बोटांनी शिवू लागला. सुईत दोरा ओवायचं काम मात्र त्याच्या अकरा वर्षांच्या लेकीकडे, ठमीकडे. तिला टाइप वन डायबेटिस. तिचं इन्सुलिन तो टोचायचा. डोस लावताना इन्सुलिनच्या पेनचे खटके कानांनी मोजायचे, पोटावर बोटं फिरवून मऊ जागा शोधायची. सकाळी डावीकडे, संध्याकाळी उजवीकडे. ठमी हूं की चूं करायची नाही. हात हलका आहे आपला, असं त्याला वाटे.

तरी तिची साखर काही केल्या उतरेना.

"चोरून खात असणार, दुसरं काय," आत्या म्हणायची. "माझी बिस्किटं कुठं जातात गं, बयो?"

"मी नाही खाल्ली, आत्या."

"मग काय, कपाटानं खाल्ली?"

शेवटी शिंप्याचाही विश्वास उडाला. त्यानं कपाटाला कुलूप ठोकलं. तेव्हापासून ठमी त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली.

मग त्याचं ऑपरेशन झालं. बाहेर बसलेल्या आत्याचा चहा निवायच्या आत गढूळ भिंग निघालं, नवं बसलं. "सुटलात, काका," डॉक्टर म्हणाले. "हा मोतीबिंदू काही परत यायचा नाही."

पट्टी निघाली त्या संध्याकाळी ठमीनं विचारलं, "बाबा, माझं पण असं काढून नवं बसवतात का?"

"नाही गं. तुझं रोज टोचायचं."

"किती वर्षं?"

तो पेनला सुई लावत राहिला.

तिनं फ्रॉक वर केला आणि त्याचा हात थबकला. बेंबीच्या दोन्ही बाजूंना लिंबाएवढे दोन फुगवटे, टोचल्याच्या ठिपक्यांनी भरलेले. त्यानं घाबरून दवाखान्यात फोन लावला.

"जागा बदलत राहा, असं सांगितलं होतं ना?" नर्सबाई म्हणाल्या.

"बदलतो की. डावी, उजवी."

"अहो, त्याच त्या दोन जागा! तिथं चरबी धरलीय, औषध नीट भिनत नाही. आता मांडीवर द्या, तिथं ते पुरतं भिनेल. थांबा, डॉक्टरांना विचारून डोस कमी करून सांगते. आणि साखर तपासत राहा."

म्हणजे पोर खरं बोलत होती. बोटांना मऊ लागणारी ती जागा त्याच्याच सुईनं सुजवली होती.

नर्सबाईंनी सांगितलेला कमी डोस लावून त्यानं मांडीची कातडी चिमटीत धरली.

"तिथं नको ना, बाबा. जुन्या जागी द्या. तिथं दुखत नाही."

सुई शिरली तशी ती कळवळली. इतक्या वर्षांत प्रथमच तिचा चेहरा त्याला लख्ख दिसला, भिजल्या पापण्यांसकट. त्यानं खिशातून कपाटाची किल्ली काढून तिच्यापुढे धरली.

ठमीनं ती घेतली नाही.

"उद्या सकाळी परत?" तिनं एवढंच विचारलं.